कपॅसिटर बँक टाकली की फॉल्ट करंट का बदलतो? शॉर्ट सर्किट स्टडीत पुन्हा पुन्हा येणारी अडचण आणि तिचा उलगडा

११ केव्हीच्या बसवर (फीडर एकत्र येतात त्या जोडबिंदूवर) ३ एमव्हीएआरची कपॅसिटर बँक जोडली, शॉर्ट सर्किट स्टडी (फॉल्ट झाला तर किती करंट वाहील याचा संगणकावरचा हिशेब) परत चालवली, आणि त्याच बसवरचा तीन फेजचा फॉल्ट करंट दीडशे अँपिअरने खाली आला. दुसऱ्या एका मॉडेलमध्ये ३३ केव्हीवर स्टॅटकॉम (इलेक्ट्रॉनिक स्विचांनी रिअॅक्टिव्ह पॉवर देणारं यंत्र) टाकल्याबरोबर फॉल्ट करंट जवळजवळ तीन किलोअँपिअरने चढला आणि 'ब्रेकरची क्षमता अपुरी' असा शेरा आला. तिसऱ्या मॉडेलमध्ये न्यूट्रल रेझिस्टर (न्यूट्रलमधून जमिनीत जाणारा करंट आवरणारा) ४०० अँपिअरचा असूनही अर्थ फॉल्ट सहाशेच्या पुढे दिसतो. यातलं एखादं लक्षण तुमच्या स्क्रीनवर असेल तर सॉफ्टवेअर बदलायची गरज नाही. रिअॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता व्होल्टेज सांभाळणारी, एमव्हीएआरमध्ये मोजली जाणारी पॉवर) देणारं उपकरण फॉल्टच्या वेळी नेमकं काय करतं, हे मॉडेलला चुकीचं सांगितलं गेलं आहे.

गोव्यात ही अडचण इतक्या वेळा समोर येते त्याला कारण आहे. आपल्याकडे स्वतःची मोठी वीजनिर्मिती नाही. वीज कोल्हापूरहून कोलवाळच्या ४०० केव्ही उपकेंद्रात येते आणि कर्नाटकातल्या आंबेवाडीकडून २२० केव्हीवर येते. एवढ्या लांबून मेगावॅट आणता येतात, पण एमव्हीएआर आणायला गेलं तर वाटेतच व्होल्टेज बसतं. म्हणून रिअॅक्टिव्ह पॉवर जिथल्या तिथे तयार करावी लागते: उपकेंद्रात, कारखान्याच्या मीटरमागे, फर्नेसच्या शेजारी. वेर्णे, कुंडई, कुंकळ्ळी, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत जा, पॉवर फॅक्टर सांभाळायला कपॅसिटर बँका लावलेल्या दिसतील. त्यात मृगाच्या पावसापासून माडाच्या झावळ्या तारांवर पडतात आणि किनाऱ्याजवळ इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो. म्हणजे फॉल्ट खरोखर होतात, आणि रिलेची सेटिंग ज्या आकड्यांवर बेतलेली असते ते आकडे बरोबर असावे लागतात.

पहिली तपासणी: बँकेच्याच बसवर तीन फेजचा फॉल्ट

सगळ्यात आधी ही एक चाचणी करा. बाकीचं निदान बहुतेक वेळा इथेच होतं. ज्या बसवर बँक आहे त्याच बसवर शून्य इम्पीडन्सचा तीन फेज फॉल्ट द्या. एकदा बँक चालू ठेवून, एकदा बंद करून. मागचा सोर्स तोच ठेवून दोन्ही वेळा स्थिर करंट अगदी सारखाच यायला हवा.

का, ते आकड्यांत बघू. उदाहरणासाठी ३३ केव्हीला ५०० एमव्हीएची फॉल्ट लेव्हल धरा आणि १० एमव्हीएचा, १० टक्के इम्पीडन्सचा ३३/११ केव्ही ट्रान्सफॉर्मर धरा. रेझिस्टन्स बाजूला ठेवू, म्हणजे हिशेब हातानं करता येईल. १० एमव्हीए बेसवर सोर्स ०.०२ आणि ट्रान्सफॉर्मर ०.१०, मिळून ०.१२ पर युनिट (म्हणजे बेसच्या पटीत मोजलेलं मूल्य). ११ केव्हीला बेस करंट ५२५ अँपिअर. तर फॉल्ट करंट ५२५ भागिले ०.१२, म्हणजे ४३७४ अँपिअर.

आता ३ एमव्हीएआरची बँक जोडा. तिची रिअॅक्टन्स ३.३३ पर युनिट, चिन्ह ऋण. इंडक्टिव्ह ०.१२ आणि कपॅसिटिव्ह ३.३३ समांतर जोडले की बसवरून दिसणारी इम्पीडन्स कमी होत नाही, उलट वाढते: ०.१२४५ होते. पुष्कळ जण इथेच चक्रावतात, कारण समांतर जोडणीत इम्पीडन्स कमी व्हायची आपल्याला सवय असते. पण त्याच वेळी बँकेमुळे फॉल्टच्या आधीचं बस व्होल्टेजही वाढलेलं असतं, १.०३७ पर युनिटपर्यंत. १.०३७ भागिले ०.१२४५ केलं की परत ८.३३ पर युनिट, म्हणजे तेच ४३७४ अँपिअर. दोन्ही परिणाम एकमेकांना तंतोतंत फेडतात. भौतिक अर्थही सरळ आहे: बसच शून्य व्होल्टेजवर गेली की तिला जोडलेल्या कपॅसिटरच्या टोकांवर व्होल्टेज उरत नाही, मग तो ५० हर्ट्झचा करंट कुठून देणार?

आता वर सांगितलेली तूट कुठून आली ते बघा. मॉडेलनं बँक अॅडमिटन्स मॅट्रिक्समध्ये (जाळ्यातल्या सगळ्या जोडण्यांच्या गणिती तक्त्यात) घेतली, पण फॉल्टपूर्व व्होल्टेज मात्र सपाट १.० धरलं. मग १ भागिले ०.१२४५ म्हणजे ८.०३ पर युनिट, ४२१७ अँपिअर. १५७ अँपिअर गायब. हिशेबाच्या दोन पद्धतींची सरमिसळ झाली आहे, एवढाच त्याचा अर्थ. टक्केवारीत ही तूट ३.६ दिसते, आणि ३.६ टक्के म्हणून सोडून द्यायचा मोह होतो. पण बँक मोठी असली आणि सोर्स कमजोर असला की तीच तूट पटापट वाढते. या उदाहरणात सोर्स आणि ट्रान्सफॉर्मर तेच ठेवून बँक दुप्पट केली तर तूट ७ टक्क्यांच्या पुढे जाते.

म्हणून एकच नियम कडक पाळा. दोन पद्धती आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत, फक्त एकीचा एक भाग दुसरीत घालू नका.

पहिली आयईसी ६०९०९ ची, म्हणजे शॉर्ट सर्किट हिशेबाच्या आंतरराष्ट्रीय मानकाची. तिच्यात फॉल्टच्या जागी एकच समतुल्य व्होल्टेज सोर्स धरतात, सी फॅक्टरनं गुणलेला. १ केव्हीच्या वर कमाल करंटसाठी सी १.१ आणि किमान करंटसाठी १.०. या पद्धतीत पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह सीक्वेन्समधले (असमतोल तीन फेजचे हिशेबासाठी पॉझिटिव्ह, निगेटिव्ह आणि झीरो असे तीन घटक पाडतात, त्यांतल्या पहिल्या दोनमधले) शंट कपॅसिटर, लाइनची कपॅसिटन्स आणि न फिरणारे लोड मुद्दाम वगळलेले असतात. फॉल्टपूर्व स्थितीतले चढउतार सी फॅक्टरमध्ये सामावले जावेत अशी तिची रचनाच आहे. तुम्ही १.१ चा सी घेतला आणि वर कपॅसिटरही मॅट्रिक्समध्ये ठेवला, तर हिशेब ना इकडचा राहतो ना तिकडचा.

दुसरी पूर्ण सुपरपोझिशनची. आधी लोड फ्लो (नेहमीच्या चालू स्थितीचा हिशेब), त्यातून प्रत्येक बसचं खरं व्होल्टेज आणि कोन, आणि मग सगळे शंट घटक मॅट्रिक्समध्ये घेऊन फॉल्ट. इथे बँक हवीच. पण ती ज्या टॅपवर आणि ज्या स्टेपवर लोड फ्लोमध्ये चालू होती, त्याच स्थितीत फॉल्ट मॉडेलमध्येही असली पाहिजे. लोड फ्लोच्या केसमध्ये बँकेच्या दोन स्टेप चालू आणि फॉल्टच्या केसमध्ये चारही चालू, हे मी जितक्या फाइल्स तपासायला घेतो त्यात बऱ्याच ठिकाणी सापडतं. शोधायची पद्धत: फॉल्ट लावायच्या आधीच्या क्षणाचं बस व्होल्टेज आणि लोड फ्लोचं बस व्होल्टेज शेजारी ठेवा. चौथ्या दशांश स्थळापर्यंत जुळायला हवं.

एक सावधानता. बँक चालू-बंद करून करंट तोच येतो ही चाचणी फक्त तीन फेजच्या फॉल्टला तंतोतंत लागू पडते. एका फेजचा फॉल्ट दिला तर निरोगी फेजेसवर व्होल्टेज शिल्लक असतं, आणि अर्थ न केलेल्या स्टार बँकेतसुद्धा त्या फेजेसकडून न्यूट्रलमधून फॉल्टच्या फेजकडे करंट वाहतो. वरच्याच उदाहरणात ट्रान्सफॉर्मर डेल्टा-स्टार, न्यूट्रल थेट अर्थ, झीरो सीक्वेन्स ०.१० धरला तर बँकेशिवाय अर्थ फॉल्ट ४६३२ अँपिअर येतो आणि बँकेसह ४६८१. एक टक्क्याची ही वाढ खरी आहे, तिच्या मागे लागून वेळ घालवू नका. घट दिसली तर मात्र पुन्हा सरमिसळीकडे संशयानं बघा.

दुसरी तपासणी: बँकेचा न्यूट्रल

सॉफ्टवेअरमध्ये कपॅसिटर टाकताना जोडणीचा रकाना असतो: स्टार अर्थ केलेली, स्टार तरंगती, डेल्टा. तो रकाना जसा आला तसा सोडून दिला जातो. आपल्याकडच्या ११ आणि ३३ केव्हीच्या बँका बहुतेक दुहेरी स्टार, न्यूट्रल तरंगता, आणि दोन न्यूट्रलच्या मध्ये असमतोल ओळखणारा करंट ट्रान्सफॉर्मर (सीटी) अशा असतात. अशा बँकेला झीरो सीक्वेन्सचा रस्ताच नसतो. तिथे तो सर्किट उघडा दाखवायला हवा.

थेट अर्थ केलेल्या सिस्टिममध्ये ही चूक लपून राहते. वरच्या उदाहरणात बँक चुकून अर्थ केलेली दाखवली तर अर्थ फॉल्ट ४६८१ ऐवजी ४६४० येतो, कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण कारखान्याची स्वतःची ११ केव्ही सिस्टिम न्यूट्रल रेझिस्टरवर असेल तर चित्र पालटतं. ४०० अँपिअरला मर्यादित करणारा रेझिस्टर म्हणजे साधारण १५.९ ओहम. आणि ३ एमव्हीएआरच्या बँकेची प्रत्येक फेजची रिअॅक्टन्स ४०.३ ओहम. ती अर्थ केलेली असती तर तिच्यातून जमिनीत जाणारा कपॅसिटिव्ह करंट फेज व्होल्टेजच्या तिप्पट भागिले ४०.३, म्हणजे ४७२ अँपिअर. रेझिस्टरच्या करंटपेक्षाही जास्त! दोन्हींचा कोन ९० अंशांनी वेगळा, तरी बेरीज सहाशेच्या पुढे जाते. प्रत्यक्षात नसलेला हा करंट धरून अर्थ फॉल्ट रिलेची पिकअप (रिले ज्या करंटला उठतो ती पातळी) वर सरकवली, तर खरा फॉल्ट आला की रिले उशिरा उठतो किंवा उठतच नाही. मोटरच्या टर्मिनल बॉक्समधल्या अर्थ फॉल्टसाठी तो उशीर म्हणजे जळलेला स्टेटर.

तपासायला सोपं आहे. एका फेजचा फॉल्ट द्या आणि बँकेच्या शाखेतला तीन पट झीरो सीक्वेन्स करंट छापून घ्या. तरंगत्या स्टारला तो शून्य. शून्याच्या जवळपास नव्हे, शून्यच.

बँकेच्या नेमप्लेटवरून जोडणी कळत नसेल तर ड्रॉइंगवर विसंबू नका, बँकेच्या आवारात जाऊन न्यूट्रल बघा. न्यूट्रल बसबार इन्सुलेटरवर उभा आहे की तिथून पट्टी खाली अर्थ पिटकडे उतरते, हे डोळ्यांनी दोन मिनिटांत दिसतं. फक्त कुंपणाबाहेरूनच. बँक बंद केल्यावरही डिस्चार्ज होऊन अर्थिंग रॉड लागेपर्यंत आत हात घालायचा नाही.

रिअॅक्टरचा न्यूट्रलही याच चाचणीत तपासून घ्या. ४०० केव्ही लाइनवरच्या शंट रिअॅक्टरला न्यूट्रल रिअॅक्टर असेल तर झीरो सीक्वेन्समध्ये त्याची रिअॅक्टन्स तिप्पट होऊन जमा होते. फॉल्ट करंटवर त्याचा परिणाम नगण्य. एका फेजच्या ऑटो रिक्लोजमध्ये सेकंडरी आर्क (फेज उघडल्यावरही शेजारच्या फेजेसमुळे टिकून राहणारा) विझतो की नाही, तिथे मात्र सगळा खेळ त्याच्यावर.

पहिल्या मिलिसेकंदातला करंट

आतापर्यंत ५० हर्ट्झच्या स्थिर करंटबद्दल बोललो. त्यावरून 'कपॅसिटर फॉल्टला काहीच देत नाही' असा निष्कर्ष काढणंही तितकंच घातक आहे. फॉल्टच्या क्षणी बँक चार्ज झालेली असते, आणि तो चार्ज फॉल्टमध्ये रिकामा होतो. वारंवारता किलोहर्ट्झमध्ये, आयुष्य काही मिलिसेकंद.

आपल्याच बँकेचा हिशेब करू. ३ एमव्हीएआर, ११ केव्ही म्हणजे प्रत्येक फेजला सुमारे ७९ मायक्रोफॅरड. बँकेपासून फॉल्टपर्यंत बसबार आणि केबल मिळून २० मायक्रोहेन्री धरले, सिरीज रिअॅक्टर नाही. फेज व्होल्टेज शिखरावर, ८९८१ व्होल्ट, असताना फॉल्ट झाला तर डिस्चार्जचं शिखर सुमारे १७.८ किलोअँपिअर, वारंवारता सुमारे ४००० हर्ट्झ. याच बसवर सिस्टिमचा शिखर करंट, १.१ चा सी आणि १.८ चा शिखर गुणांक (कप्पा) धरून, सव्वाबारा किलोअँपिअरच्या आसपास आहे. म्हणजे डिस्चार्ज शिखराला त्याहून मोठा आहे, फक्त अत्यंत अल्पजीवी.

याच बँकेला ०.२ टक्क्यांचा इनरश रिअॅक्टर (बँक जोडतानाचा करंटचा धक्का आवरणारी कॉइल) लावला तर शिखर ५ किलोअँपिअरवर आणि वारंवारता १११८ हर्ट्झवर येते. ६ टक्क्यांचा डीट्यूनिंग रिअॅक्टर असेल तर शिखर ९०० अँपिअरच्या आसपास आणि वारंवारता २०४ हर्ट्झ. इतका फरक त्या एका कॉइलमुळे पडतो. म्हणून स्टडीच्या माहितीत 'बँक ३ एमव्हीएआर' एवढंच लिहून भागत नाही, रिअॅक्टरचे टक्के हवेतच.

आरएमएस शॉर्ट सर्किट प्रोग्राम हा करंट दाखवत नाही, आणि दाखवायलाही नको. आयईसी ६०९०९ सुद्धा शिखर करंट काढताना शंट कपॅसिटरचा डिस्चार्ज दुर्लक्षित करू देते. त्याची तपासणी वेगळी करायची. ब्रेकरसाठी पाहायची गोष्ट म्हणजे करंटचं शिखर आणि वारंवारता यांचा गुणाकार. साध्या वापराच्या ब्रेकरसाठी अमेरिकन मानकांतली मर्यादा २ कोटी होती. आपल्या रिअॅक्टर नसलेल्या बँकेचा गुणाकार सात कोटींच्या पुढे जातो, ०.२ टक्क्यांच्या रिअॅक्टरसह ५६ लाखांच्या घरात येतो. एकाच बसवर दोन बँका असतील तर एक चालू असताना दुसरी जोडतानाचा इनरशही याच रांगेत बसतो. आयईसीच्या ब्रेकर मानकात त्यासाठी २० किलोअँपिअर शिखर आणि ४२५० हर्ट्झ ही पसंतीची मूल्यं दिलेली आहेत.

याला जोडूनच येणारी एक तक्रार: शेजारच्या फीडरवर फॉल्ट होतो आणि कपॅसिटर फीडरचाच ब्रेकर इन्स्टंटेनिअस घटकावर ट्रिप होतो. स्टडी म्हणते बँकेच्या फीडरमधून काहीच जात नव्हतं. दोन्ही खरं आहे. रिलेची वेव्हफॉर्म नोंद उघडा. फॉल्टच्या पहिल्या अर्ध्या सायकलमध्ये दाट, झपाट्यानं विझणारी झालर दिसली तर तो डिस्चार्ज आहे. मूळ वारंवारता गाळून घेणारे न्यूमरिकल रिले बहुधा त्याला बळी पडत नाहीत. शिखर मोजणारे घटक आणि जुने इलेक्ट्रोमेकॅनिकल रिले पडतात. उपाय: सेटिंग डिस्चार्जच्या वर न्या किंवा थोडा वेळ द्या. स्टडीत खोटा सोर्स टाकून रिलेचं वागणं 'जुळवून' घेऊ नका, कारण तो खोटा सोर्स मग बाकीच्या प्रत्येक फीडरच्या सेटिंगमध्ये शिरतो.

एसव्हीसी आणि स्टॅटकॉम: जनरेटर समजू नका

इथे सगळ्यात महागड्या चुका होतात. लोड फ्लोमध्ये एसव्हीसी (थायरिस्टरनं आवरलेले कपॅसिटर आणि रिअॅक्टर) आणि स्टॅटकॉम दोन्ही 'व्होल्टेज राखणारी बस' म्हणून जनरेटरच्या चिन्हानं टाकतात. ते ठीक आहे. पण तीच फाइल शॉर्ट सर्किटला वापरली की प्रोग्राम त्या जनरेटरला सबट्रान्झियंट रिअॅक्टन्स (फॉल्टच्या पहिल्या काही क्षणांतली अंतर्गत रिअॅक्टन्स) मागतो, आणि माणूस सवयीनं ०.१५ भरतो.

३३ केव्हीवर २५ एमव्हीएआरचा स्टॅटकॉम घ्या. रेटेड करंट ४३७ अँपिअर. ०.१५ भरल्यावर मॉडेल म्हणतं की तो २९१६ अँपिअर देईल. प्रत्यक्षात आत इलेक्ट्रॉनिक स्विच आहेत आणि त्यांचा कंट्रोलर करंटला रेटेडच्या जवळ, फार तर थोडा वर, अडवतो. १.२ पट धरला तरी ५२५ अँपिअर. सुरुवातीला सांगितलेला 'ब्रेकर अपुरा'चा शेरा इथून येतो. त्यावर ब्रेकर बदलायचं ठरलं तर ते पैसे निव्वळ वाया.

स्टॅटकॉमचं योग्य मॉडेल म्हणजे मर्यादित करंट सोर्स: व्होल्टेज कमी झालं की ठरलेल्या कमाल मूल्याइतका रिअॅक्टिव्ह करंट, कोन बस व्होल्टेजशी ९० अंशांचा. बस व्होल्टेज स्वतः या करंटवर अवलंबून असल्यामुळे गणित एका फेरीत सुटत नाही, पुनरावृत्ती लागते. आयईसी ६०९०९ च्या २०१६ च्या आवृत्तीत पूर्ण क्षमतेच्या कन्व्हर्टरवरची निर्मिती पॉझिटिव्ह सीक्वेन्समध्ये करंट सोर्स म्हणून धरायची पद्धत आली आहे. स्टॅटकॉमलाही तोच विचार लागू करता येतो.

एसव्हीसीचं वागणं निराळं. तो कपॅसिटर आणि थायरिस्टरनं आवरलेल्या रिअॅक्टरचा मिळून बनलेला असतो, म्हणजे शेवटी एक बदलणारा सस्सेप्टन्स. मर्यादेला पोचला की तो साधा कपॅसिटर उरतो: करंट व्होल्टेजच्या प्रमाणात, एमव्हीएआर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. लांबच्या फॉल्टमुळे बस ०.६ पर युनिटवर आली तर एसव्हीसी रेटेडच्या ३६ टक्के देऊ शकतो, स्टॅटकॉम ६० टक्के. शिवाय व्होल्टेज खूप खाली गेलं तर बऱ्याच एसव्हीसींचा कंट्रोलर थायरिस्टरवरचे कपॅसिटर बंदच करतो, नाहीतर फॉल्ट सुटल्यावर व्होल्टेज उसळून वर जाईल. ही पातळी किती, ती यंत्राच्या कंट्रोल दस्तऐवजात असते. ती मागून घ्या. जवळच्या फॉल्टसाठी एसव्हीसी शून्य धरणं जवळजवळ नेहमी बरोबर ठरतं.

स्टॅटकॉम टाकल्यावर स्टडी एकवटतच नाही, फेऱ्यांमागून फेऱ्या चालू राहतात, अशीही तक्रार असते. फॉल्ट स्टॅटकॉमच्या अगदी टर्मिनलवर आहे का बघा. तिथे व्होल्टेज शून्य, मग व्होल्टेजचा कोन कशावरून ठरवायचा? गणित तिथेच अडकतं. खऱ्या यंत्राचा फेज लॉक लूपही (व्होल्टेजचा कोन ओळखणारा भाग) तिथे चाचपडतो. कंट्रोल दस्तऐवजात ब्लॉक होण्याची व्होल्टेज पातळी असेल तर ती मॉडेलमध्ये घाला, त्याखाली करंट शून्य. ती मिळेपर्यंत फॉल्टला नगण्य रेझिस्टन्स देऊन स्टडी चालवता येते, पण अहवालात तसं स्पष्ट लिहा.

एका फेजच्या फॉल्टला स्टॅटकॉम निगेटिव्ह सीक्वेन्समध्ये काय करतो हा प्रश्न राहतो. काही कंट्रोलर निगेटिव्ह सीक्वेन्स करंट दाबून शून्य ठेवतात, काही व्होल्टेज समतोल करायला तो मुद्दाम सोडतात. हे यंत्राच्या रचनेवर आहे, पाठ्यपुस्तकावर नाही. निर्मात्याकडून लेखी घेतल्याशिवाय डिस्टन्स रिलेच्या दिशेचं सेटिंग त्यावर बेतू नका.

आणि एक गोष्ट जी सहज निसटते. 'एसव्हीसी काही देत नाही' म्हणून मॉडेलमधून संपूर्ण शाखाच बंद केली जाते, आणि तिच्याबरोबर तिचा ट्रान्सफॉर्मरही जातो. त्या ट्रान्सफॉर्मरची वरची बाजू अर्थ केलेला स्टार आणि खालची डेल्टा असेल, तर तो स्वतःच झीरो सीक्वेन्सचा रस्ता आहे. खालचे थायरिस्टर चालू असोत वा बंद, अर्थ फॉल्टला तो न्यूट्रलमधून करंट देतच राहणार. शाखा बंद केली की अर्थ फॉल्ट लेव्हल खोटी उतरते. म्हणून ट्रान्सफॉर्मर ठेवा, फक्त त्याच्या खालचं यंत्र पॉझिटिव्ह सीक्वेन्समध्ये शून्य करा.

फिरणारा कंडेन्सर आणि सिरीज कपॅसिटर

सिंक्रोनस कंडेन्सर हा या घराण्यातला एकच सदस्य ज्याला जनरेटरसारखं वागवायचं. खरा रोटर, खरं चुंबकीय क्षेत्र, त्यामुळे सबट्रान्झियंट रिअॅक्टन्स हीच त्याची योग्य माहिती, आणि फॉल्टला तो रेटेडच्या कित्येक पट करंट देतो. कमजोर ग्रिडची फॉल्ट लेव्हल वाढवायला तो हल्ली पुन्हा मागितला जातोय, ते याच गुणामुळे. इथे अडचण उलटी येते: त्याला 'कपॅसिटरसारखाच' म्हणून वगळतात.

सिरीज कपॅसिटर आपल्या राज्यात क्वचितच भेटेल, पण लांब ४०० केव्ही लाइनच्या अभ्यासात येतो. त्याच्यावर समांतर मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर असतो. करंट वाढला की व्हॅरिस्टर वाहू लागतो आणि कपॅसिटरची रिअॅक्टन्स आपोआप कमी भासू लागते, जोडीला थोडी रेझिस्टन्स. गोल्ड्सवर्दी यांनी १९८७ मध्ये मांडलेलं रेषीय मॉडेल बहुतेक प्रोग्राममध्ये हेच करतं. संरक्षण पातळीच्या दुप्पट करंटला रिअॅक्टन्स मूळच्या निम्म्याच्या जरा खाली येते आणि रेझिस्टन्स मूळ रिअॅक्टन्सच्या एक तृतीयांश होते. स्टडीत लाइनची इम्पीडन्स ऋण दिसली किंवा करंट अवास्तव मोठा आला, तर व्हॅरिस्टरचं मॉडेल बंद राहिलेलं आहे.

किमान फॉल्टची केस

कमाल करंट ब्रेकरसाठी, किमान करंट रिलेसाठी. पहिल्या भागातली सरमिसळ किमान केसमध्ये जास्त बोचते, कारण तिथे सोर्स आधीच कमजोर असतो आणि बँकेचा सोर्सच्या तुलनेतला आकार मोठा होतो. किमान केससाठी ३३ केव्ही बाजूची फॉल्ट लेव्हल वीज खात्याकडून वेगळी मागा. कमाल आकड्याला ठोकताळ्यानं अर्ध्यानं गुणून काम भागवू नका. पावसाळ्यात एक लाइन बंद असताना किती लेव्हल उरते, हाच खरा प्रश्न आहे.

ही केस आयईसीच्या पद्धतीनं, सी १.० घेऊन, शंट वगळून चालवा. मग तीच केस लोड फ्लोवरून पूर्ण सुपरपोझिशननं, बँका त्यांच्या खऱ्या स्टेपवर ठेवून, परत चालवा. दोन आकड्यांत फरक असेल तो मुख्यतः फॉल्टपूर्व व्होल्टेजचा असायला हवा. लोड फ्लोमध्ये बस १.०३ वर होती तर साधारण तीन टक्के. फरक व्होल्टेजनं समजावता येत नसेल तर बँक, स्टॅटकॉम आणि ट्रान्सफॉर्मर एकेक करून बंद करत जा. ज्याच्या बंद होण्यानं आकडा नको तिथे हलतो, तिथे मॉडेल उघडा. अहवालात कोणती पद्धत वापरली, सी किती घेतला, बँकेची जोडणी आणि रिअॅक्टरचे टक्के किती, स्टॅटकॉमची करंट मर्यादा कुठल्या दस्तऐवजातून घेतली, हे पहिल्याच पानावर लिहा. पुढच्या वर्षी कारखान्यात नवीन फर्नेस येईल तेव्हा दुसरा कुणीतरी हीच फाइल उघडणार आहे.